खालची कवळी आणि दोन खुंट्या

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात वृद्ध मंडळींच्या घरी गेले असता एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. वरची कवळी तोंडात असते आणि खालची कोनाड्यातल्या वाटीत किंवा रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलेली असते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: "वरची जमते, खालची जमत नाही." लग्नकार्यात, फोटो काढण्यापुरती ती तोंडात जाते आणि पंगत बसण्याच्या आत बाहेर येते. मग भाकर वरणात कुसकरून, भिजवून, गिळून टाकायची. हिवाळ्यात हुरडा भाजला म्हणजे आजोबा शेकोटीपाशी बसतात, पण हुरडा नातवंडांच्या हातात. ज्या संत्र्यांवर या मुलखाचा संसार चालतो, त्या संत्र्याची फोडदेखील चोखून चोथा टाकून द्यावा लागतो.

हे असे का होते, आणि त्यावर आज कोणता उपाय आहे, याची थोडी माहिती वाचकांपुढे ठेवावी या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आम्ही दंतवैद्य नव्हे, शिक्षक आहोत. परंतु घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या निमित्ताने या विषयाचे बरेच वाचन झाले, नागपूरच्या डॉक्टरांना पुष्कळ प्रश्न विचारता आले, आणि ही माहिती आपल्या भागातील घराघरांत पोचली पाहिजे असे वाटू लागले.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की खालची कवळी बसत नाही हा बहुधा म्हाताऱ्या माणसाचा हेकटपणा नसतो, आणि कवळी करणाऱ्याची चूकही दर वेळी नसते. दोष जबड्याच्या घडणीतच आहे. वरच्या कवळीला टाळूचे रुंद छत मिळते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर पसरतो, कडा सर्व बाजूंनी बंद होतात आणि कवळी वर चिकटून राहते. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवून ती उचलू पाहिली तर सहज सुटत नाही, हा प्रयोग शाळेत आम्ही मुलांना करून दाखवतो. तत्त्व तेच. खालच्या जबड्यात मात्र मध्यभागी जीभ आहे. कवळीला टेकायला उरते ती घोड्याच्या नालेसारखी हिरडीची अरुंद पट्टी. मोजमाप करणाऱ्यांनी वरच्या कवळीचे टेकण्याचे क्षेत्र सरासरी २३ चौरस सेंटिमीटर आणि खालच्या कवळीचे १२ चौरस सेंटिमीटर धरले आहे, म्हणजे जवळजवळ निम्मे. त्यात जीभ हलते, गाल हलतो, ओठ ओढला जातो, जिभेखालचा तळ वरखाली होतो आणि प्रत्येक जण कवळीला उचलून टाकण्याच्याच खटपटीत असतो.

याहून मोठे कारण हाडाचे आहे. दात ज्या हाडात रोवलेले असतात ते हाड दातांसाठीच असते. दात गेला की त्या हाडाचे काम संपते आणि शरीर ते हळूहळू परत घेते. पहिल्या वर्षात झीज सर्वांत जास्त होते. पुढे तिचा वेग कमी होतो, पण ती थांबत नाही. डेन्मार्कमध्ये आन्त्ये टालग्रेन या विदुषीने कवळी वापरणाऱ्या माणसांचा २५ वर्षे पाठपुरावा केला आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते असे त्यात दिसून आले. म्हणून दात जाऊन वीस वर्षे लोटलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यावर उंचवटा असा राहतच नाही. शेताचा बांध पावसाने वाहून सपाट व्हावा तसा तो होतो. बांधच नाही तर कवळी अडणार कशावर?

झीज फार झाली म्हणजे आणखी एक त्रास सुरू होतो. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी एक शीर जबड्याच्या हाडातून जाते आणि पुढच्या बाजूला, साधारण उपदाढांच्या खाली, एका लहान छिद्रातून बाहेर पडते. हाड शाबूत असते तेव्हा हे छिद्र बरेच खाली असते. हाड झिजत गेले की ते वर वर येते आणि शेवटी कवळी थेट त्या शिरेवर टेकते. मग चावताना वीज चमकल्यासारखी कळ जाते. "कवळी टोचते" असे सांगणाऱ्या आजीला "सवय करा" असे उत्तर घरोघर मिळते. ही कळ सवयीने जाणारी नव्हे.

येथे भाषेचा शिक्षक म्हणून थोडे विषयांतर करतो. व्याकरणात आपण त, थ, द, ध, न, स यांना दंत्य वर्ण म्हणतो, कारण जिभेचे टोक वरच्या दातांशी जाते. च, ज, झ यांचे दंततालव्य उच्चार तर मराठीचे खास वैशिष्ट्य. वरची कवळी असली म्हणजे हे सारे सुधारायला हवे. तरी पुष्कळांचे बोलणे सुधारत नाही. याचे कारण खालची कवळी तरंगू लागली की ती दाबून धरण्याचे काम जिभेला करावे लागते, आणि ज्या जिभेला कवळी सांभाळायची आहे ती उच्चार काय सांभाळणार? वर्षानुवर्षे भजनात किंवा गावच्या बैठकीत ज्यांचा शब्द ऐकला जाई अशी माणसे हळूहळू गप्प बसू लागतात. घरच्यांना वाटते, वय झाले. आमच्या मते यातील निम्मे मौन वयाचे नसून खालच्या कवळीचे असते.

आता उपायाकडे वळू. जबड्यात बाहेरची वस्तू रोवून दाताचे काम करून घेण्याची कल्पना नवी नाही. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात १९३१ साली उत्खननात खालच्या जबड्याचा एक तुकडा सापडला, त्यात दातांच्या जागी शिंपल्याचे तीन कोरीव तुकडे बसवलेले होते. तो माया संस्कृतीच्या काळचा आहे. पुढील काळात सोने, प्लॅटिनम, पोलाद, असे नाना धातू लोकांनी वापरून पाहिले. परंतु शरीर परकी वस्तू ओळखते, तिच्याभोवती मऊ तंतूंचे वेष्टन तयार करते, वस्तू हलू लागते, पू होतो आणि एक दिवस ती निघून येते.

ही अडचण सुटली ती एका वेगळ्याच प्रयोगातून. स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५२ च्या सुमारास हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक बारीक नळकांडी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती महागाची नळकांडी परत काढावयास गेले तर ती निघेना. हाड धातूला थेट जाऊन चिकटले होते, मध्ये मऊ वेष्टन नव्हते. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ आणि टिकाऊ थर तयार होतो, आणि या थराशी हाडाचे जुळते. दुसरा एखादा संशोधक नळकांडी वाया गेली म्हणून हळहळला असता. यांनी पुढील कित्येक वर्षे त्याच एका गोष्टीचा अभ्यास केला.

१९६५ साली गोथेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या माणसावर हा उपचार केला. त्या गृहस्थाचे नाव योस्ता लार्सन. त्यांचा जबडा जन्मतः सदोष होता आणि खालचे दात नव्हते. त्यांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवण्यात आले आणि त्यांवर दात चढवले गेले. लार्सन २००६ साली वारले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते स्क्रू त्यांच्या कामी आले. म्हणजे या विद्येचा पहिला रुग्णदेखील आपल्याच विषयाचा, खालच्या दंतहीन जबड्याचा होता. तथापि इतर देशांतील दंतवैद्यांचा विश्वास बसायला बराच काळ गेला. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे परिषद भरली, तेथे पंधरा-सतरा वर्षांची नोंद मांडली गेली आणि त्यानंतर हा उपचार जगभर पसरला.

याच १९६५ साली आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांचे निधन झाले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यक शिकून ते परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातील पहिले दंत महाविद्यालय काढले. त्यांच्या प्रयत्नांची परिणती म्हणजे १९४८ चा दंतवैद्यक कायदा. नोंदणी नसलेल्या माणसाने दातांचा धंदा करू नये असे या कायद्याने ठरवले. या कायद्याची आठवण येथे मुद्दाम करून देत आहोत, कारण आठवडी बाजारात खुर्ची मांडून "पक्के दात" बसवून देणारे लोक अजूनही भेटतात. उरलेल्या एकदोन दातांना तार गुंडाळून, त्यावर गुलाबी मसाला थापून ते जो पट्टा बसवतात तो काढता येत नाही, धुता येत नाही. त्याखाली अन्न कुजते आणि जे दोन दात शिल्लक होते तेही जातात. हा उपचार आणि दंतरोपण यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दोघांनाही लोक "पक्के दात"च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

खरे रोपण कसे करतात? ज्याला इम्प्लांट म्हणतात तो टायटॅनियमचा एक लहान स्क्रू असतो. जाडी साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर, लांबी दहा-बारा मिलिमीटर. सोयीसाठी आपण त्याला खुंटी म्हणू. प्रथम जबड्याचे क्ष-किरण चित्र घेतात, आणि शक्य असल्यास हाडाची रुंदी दाखवणारे सीबीसीटी चित्रही. नंतर जागा बधिर करून हिरडी उघडतात आणि हाडात भोक पाडतात. येथे घाई चालत नाही. हाड ४७ अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर तापले तर त्या जागचे हाड मरते, असे प्रयोगांती ठरले आहे. म्हणून पाण्याची धार धरून सावकाश भोक पाडायचे आणि खुंटी पिळून बसवायची. दात काढताना होतो त्याहून हा त्रास फारसा जास्त नसतो असे आमच्या घरच्या रुग्णाने सांगितले, आणि तो माणूस दुखणे लपवणाऱ्यांपैकी नाही.

सुदैवाने खालच्या जबड्याचा पुढचा भाग, म्हणजे मघाशी सांगितलेल्या दोन छिद्रांमधला, या कामाला फार चांगला असतो. तेथील हाड टणक असते, मागे झीज झाली तरी येथे थोडेबहुत हाड टिकते आणि मुख्य शीर या भागाच्या मागेच बाहेर पडलेली असते. म्हणून जेथे पूर्वी सुळे होते त्या सुमारास डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन खुंट्या रोवतात. मग सामान्यतः तीन महिने थांबायचे. या काळात हाड खुंटीला धरते. काही ठिकाणी त्याच दिवशी दात बसवून देतात; ते योग्य रुग्णात, योग्य हातांत जमते, पण आमच्या माहितीप्रमाणे साध्या माणसाने तीन महिन्यांचा मार्ग नाकारण्याचे कारण नाही.

हाडाने खुंटी धरली म्हणजे तिच्या डोक्यावर एक लहान गोटी बसवतात आणि कवळीच्या आतल्या बाजूस रबराची किंवा नायलॉनची कडी घालतात. पोलक्याला किंवा सदऱ्याला टिचबटण असते ना, तेच हे. कवळी तोंडात ठेवून दाबली की टिच् असा आवाज होऊन ती बसते. काढायची तेव्हा ओढून काढता येते. जेवताना उडत नाही, बोलताना उठत नाही. साध्या कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या हिश्शापर्यंतही जात नाही; दोन खुंट्या मिळाल्या की तो दुपटीच्या घरात जातो. आणि खुंटीभोवतीचे हाड झिजायचेही बरेच थांबते, हा फायदा वरून दिसत नसला तरी मोठा आहे.

दोनच खुंट्या पुरतात काय, असा प्रश्न साहजिकच येतो. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांची बैठक झाली. खालचा जबडा दंतहीन असलेल्या माणसाला साधी कवळी देणे हा यापुढे पहिला उपचार समजू नये, दोन खुंट्यांवरची कवळी हा पहिला उपचार समजावा, असे मत तिने नोंदवले. २००९ साली इंग्लंडमधील यॉर्क येथील तज्ज्ञांनीही तेच म्हटले. चार किंवा अधिक खुंट्या घालून त्यांवर न निघणारे, स्क्रूने आवळलेले दातही बसवता येतात. पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी चार खुंट्यांची एक पद्धत रूढ केली, तिची जाहिरात हल्ली नागपुरात जागोजागी दिसते. पद्धत चांगली आहे. पण खर्च कितीतरी जास्त, आणि ते दात स्वच्छ ठेवणे थरथरत्या हातांना अवघड. जमिनीचा तुकडा विकून तोंडात चार-सहा खुंट्या घालून घेण्याचा विचार कोणी करीत असेल तर त्याने आधी दोन खुंट्यांचा हिशेब विचारावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. दोन खुंट्यांचा खर्चही लहान नाही. खासगी दवाखान्यात तो दहा-दहा हजारांच्या पटीत मोजावा लागतो. म्हणून ज्याचे हाड अजून उंच आहे आणि ज्याची साधी कवळी नीट बसते आहे, त्याने केवळ शेजाऱ्याने केले म्हणून हे करू नये.

कोणाला हा उपचार चालतो? वय आड येत नाही. सत्तरी-ऐंशीतल्या माणसांनाही खुंट्या बसवतात. आड येते ती साखर. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरत नाही आणि हाड धरत नाही. तो ताब्यात आणून मग जावे. तोंडाच्या किंवा गळ्याच्या कर्करोगासाठी जबड्याला किरणोपचार झाले असतील, किंवा हाडे मजबूत करण्याची विशिष्ट इंजेक्शने चालू असतील, तर ते डॉक्टरांना न विचारताच सांगावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या खुंट्या निकामी होण्याचे प्रमाण जास्त आहे. एरवी खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातील खुंट्या शंभरात पंचाण्णवांच्या आसपास टिकतात.

आपल्या भागात दोन गोष्टींचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. गुडाखू दात घासण्याचे साधन समजले जाते, विशेषतः बायकांत. तो तंबाखूच आहे. आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या या घोटलेल्या मिश्रणाने तोंडातली त्वचा आखडते, तोंड दोन बोटेही उघडत नाही. अशा तोंडात खुंटीचे हत्यार जात नाही, इतकेच काय, साधी कवळीदेखील जात नाही. तरुणपणी खर्रा खाणारा माणूस म्हातारपणचा उपायही आधीच बंद करून ठेवतो, हे आमच्या नववी-दहावीच्या मुलांना आम्ही दरवर्षी सांगतो. ऐकणारे थोडे.

आता जायचे कोठे? पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, सौंसर त्याच जिल्ह्यात आले. तरी अशा कामाला आपली वाट नागपूरचीच. आपल्या राज्याचे शासकीय दंत महाविद्यालय इंदूरला आहे, १९६१ पासून. पण दातासाठी इतक्या लांब फेऱ्या घालणे म्हाताऱ्या माणसाला झेपणारे नाही. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ सालचे. पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने शंभर किलोमीटरच्या आसपास, सौंसरहून त्यापेक्षाही जवळ. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण खासगीपेक्षा खर्च कमी येतो. खुंट्यांचे साहित्य रुग्णाला विकत आणावे लागेल काय, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. आपण मध्य प्रदेशचे रहिवासी असल्याने महाराष्ट्र शासनाच्या योजना आपल्याला लागू होतील असे गृहीत धरून निघू नये.

फेऱ्यांचा हिशेब आधी घालावा. तपासणी व चित्रे, शस्त्रक्रिया, आठ-दहा दिवसांनी टाके काढणे, तीन महिन्यांनी खुंट्या उघडणे, मग माप, मग कवळी, मग टोचते तेथे घासून घेणे: सहा-सात फेऱ्या सहज होतात, आणि दर वेळी सोबत कोणीतरी लागते. शेतकरी घरांनी आंबिया बहाराची संत्री विकली गेल्यावर, डिसेंबर-जानेवारीत शस्त्रक्रिया करून घ्यावी. तीन महिने एप्रिलच्या आत भरतात आणि पेरणीच्या आधी कवळी हाती येते. मधल्या काळात जुनी कवळी आतून मऊ करून वापरता येते, परंतु पहिले काही दिवस बिनकवळीचे काढावे लागतात. त्या दिवसांत लग्न असेल तर तारीख पुढे ढकलावी, लग्नाची नव्हे, शस्त्रक्रियेची.

पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. खुंटी कोणत्या कंपनीची, आणि तिचे सुटे भाग पाच वर्षांनी मिळतील काय? ठरलेल्या रकमेत कवळी धरली आहे की फक्त खुंट्या? आणि एखादी खुंटी हाडाने धरली नाही तर काय? खुंटीबरोबर एक चिठ्ठी येते, तीवर नाव, माप आणि क्रमांक असतो. ती मागून घेऊन जमिनीच्या कागदपत्रांत ठेवावी. आमच्या घरी ती चिठ्ठी होती म्हणून दीड वर्षाने कडी सैल झाली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनाही तिच्या मापाची कडी मागवता आली.

कडी सैल होणे हा बिघाड नव्हे, ती झिजायचीच, सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखी. वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागते आणि तिचा खर्च बेताचा असतो. रोज रात्री कवळी काढून घासावी व पाण्यात ठेवावी. गरम पाण्यात ठेवू नये, ती वाकडी होते. हिरडीतून वर आलेल्या दोन गोट्या मऊ ब्रशने सर्व बाजूंनी पुसाव्यात, कारण खुंटीला कीड लागत नसली तरी भोवतालच्या हिरडीला सूज येते आणि सूज खाली उतरली की हाड सुटते. हिरडीतून रक्त येऊ लागले तर दुखण्याची वाट न पाहता नागपूर गाठावे. एरवी वर्षातून एकदा दाखवले म्हणजे पुरे.